दूध कोणाची वाट पाहत नाही

“एन्गॉर्जमेंट है,” एवढेच बोलून डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या.

मी जनाना दवाखान्यातल्या तपासणीच्या पलंगावर बसले होते. दोन्ही हात अंगापासून दूर धरलेले, कारण दंड छातीला नुसता टेकला तरी डोळ्यांसमोर अंधारी येत होती. बाळंत होऊन पाचवा दिवस होता. अंगात ताप होता. माझी मुलगी माझ्या आईच्या मांडीवर होती आणि आता मोठ्याने रडायचेही सोडून बारीक कुरकुर करत होती.

“मतलब क्या हुआ बाई?” आईने विचारले.

“मतलब दूध भर गया है. निकला नहीं, तो पत्थर हो गया. बच्ची ने आख़िरी बार दूध कब पिया?”

आईने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

“अभी तो पिया ही नहीं,” आई म्हणाली. “इसकी ननद नहीं आई ना भोपाल से.”

डॉक्टरीणबाई ओल्या हातांनी तशाच वळल्या. “दूध ननद को पीना है या बच्ची को?”

पलीकडच्या पलंगावरची बाई फिस्सकन हसली. हातात ट्रे धरून उभी असलेली नर्सही हसली. मला इतकी लाज वाटली की ताप विसरायला झाला. पण घरी गेल्यावर, आणि नंतरही कित्येक महिने, तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. खरे सांगायचे तर हा लेख त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

लिहू की नको, असे फार दिवस चालले होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, चौथीपर्यंत शिकलेले. आईला अक्षर येत नाही. शिकलेल्या मुलीने काय लिहावे याचा माझ्या माणसांना अंदाज नाही, पण काय लिहू नये याची खात्री आहे. छातीबद्दल, दुधाबद्दल लिहू नये. बायका हे शब्द एकमेकींच्या कानात बोलतात आणि पुरुष आला की भाजीचा विषय काढतात. पण कानात बोलून माझे काय झाले ते मी भोगले आहे, म्हणून कागदावर लिहिते. ज्यांना वाचायला संकोच वाटेल त्यांनी पान उलटावे. ज्यांच्या घरात कोणी बाळंत व्हायची आहे त्यांनी कृपा करून उलटू नये.

आमच्या सासरचे घर उज्जैनचे जुने. त्यांचे पूर्वज शिंदेशाहीत दफ्तरात होते. इतक्या पिढ्या माळव्यात राहून त्यांनी इथल्या काही रीती उचलल्या. त्यातली एक अशी : बाळ जन्मले की बाळाच्या आत्याने यायचे, हळद-दूर्वा घातलेल्या पाण्याने बाळंतिणीची छाती धुवायची, मगच बाळाला पहिल्यांदा अंगावर घ्यायचे. आत्याला त्याबद्दल साडी मिळते. तो तिचा मान. तोवर बाळाने मध चाटायचा.

माझ्या माहेरी ही रीत नाही. आम्ही खानदेशातले, वडिलांच्या नोकरीमुळे इथे आलो. पण पहिले बाळंतपण माहेरचे, म्हणून मी स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आईकडे होते, आणि रीत मात्र सासरची पाळायची होती. सासूबाईंनी सातव्या महिन्यातच आईला सांगून ठेवले होते, “आमच्या मालूने धुतल्याशिवाय बाळाला पाजायचं नाही हं, विहीणबाई.” आईने मान डोलावली होती. सासरची माणसे मोठी, आम्ही पॉइंट्समनचे. आईने तो निरोप सरकारी हुकमासारखा मनात जपला.

मालूवन्सं म्हणजे माझी एकुलती एक नणंद. लग्न होऊन इंदूरला होत्या. इंदूर काय, सकाळी निघाले तर जेवायला इथे. पण त्याच दिवाळीच्या सुमाराला नवे राज्य झाले, मध्यभारत गेले, राजधानी भोपाळला गेली आणि त्यांच्या यजमानांची कचेरीही फायली, टेबले आणि माणसांसकट भोपाळला गेली. राहायला नीट जागा नाही, दोन कुटुंबांत एक खोली, आणि तशात त्यांच्या मुलाला गोवर निघाला. गोवराच्या घरातून ओल्या बाळंतिणीकडे यायचे नसते. माझी मुलगी सोमवारी पहाटे झाली. तार केली. मंगळवारी उलट तार आली की आठ-दहा दिवस येता येणार नाही.

राज्याची राजधानी हलली की बाळंतिणीला ताप येतो, हे कोणत्याही वर्तमानपत्रात आले नसेल. माझ्या बाबतीत तसेच झाले.

सोमवार आणि मंगळवार चांगले गेले. मी दमले होते, झोपत होते. मुलगी मध चाटत होती. तिला जवळ घेतले की ती माझ्या पोलक्याच्या कडेवर तोंड घासायची, आणि आई तिला हळूच उचलून न्यायची. “वास येतो ग त्यांना,” ती म्हणायची. मी विचारले, “तू मला कधी घेतलं होतंस?” आई म्हणाली, “तुला? तू झालीस त्याच दुपारी. मला कोण होतं अडवायला?”

हे ऐकूनही मी काही बोलले नाही. माझी चूक इथे आहे. मी इंटर पास होते, तर्कशास्त्राला मला चांगले गुण होते, आणि माझ्या आईने मला पहिल्या दिवशी पाजले होते व मी धडधाकट जिवंत होते, तरी मी दोन आणि दोन चार म्हटले नाही.

बुधवारी जाग आली ती छातीवर कोणी वरवंटे ठेवल्यासारखी. दूध उतरले होते. दुपारपर्यंत कातडी ताणून चकाकायला लागली. हिरव्या शिरा दिसू लागल्या. काखेपर्यंत गाठी लागत होत्या. आईने शेगडीवर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकले. शेकताना बरे वाटायचे आणि नंतर दुप्पट ठणका लागायचा. का ते आता मला समजते : शेकाने दूध आणखी उतरत होते आणि बाहेर जायला वाट नव्हती.

गुरुवारी शेजारच्या गार्डसाहेबांच्या बायकोने सल्ला दिला, “कसकर पट्टा बाँध दो, उतर जाएगा.” आईने ट्रंकेतून भैरवगढची नवीकोरी छापील चादर काढली, लाल रंगाची, माझ्याच रुखवतातली. तिची पट्टी फाडून मला उभी केली आणि करकचून बांधली. मला श्वास घेता येईना. दूध आपोआप पाझरत होते, त्याने पट्टा भिजला आणि चादरीचा कच्चा रंग माझ्या अंगाला लागला.

मुलीला बुधवारपासून बकरीचे दूध पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्याने देत होतो. गुरुवारी संध्याकाळी तिला जुलाब सुरू झाले. शुक्रवारी सकाळी तिचे ओठ सुकलेले दिसले, टाळू किंचित बसल्यासारखी वाटली. मी आईला म्हटले, “टांगा बोलाव.” या पाच दिवसांत मी स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट.

तर अशी मी त्या पलंगावर पोचले होते.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा कापायला सांगितला. आतले अंग पाहून नर्स “अय्यो” म्हणाली. सगळे लालभडक. डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसाने हळूहळू पुसायला सुरुवात केली. कापूस लाल होत गेला. चादरीचा रंग निघत गेला. शेवटी उजवीकडे, बाहेरच्या बाजूला, विड्याच्या पानाएवढा एक डाग राहिला. तो पुसला जाईना.

“बस, ये वाला असली है,” त्या म्हणाल्या.

तिथे सूज धरू लागली होती. त्यांनी बोटांनी चाचपले. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. “अभी पस नहीं है. दो दिन और ननद का रास्ता देखतीं, तो चीरा लगाना पड़ता.” मग त्यांनी मला नीट समजावले. मी कॉलेजात जाते हे कळल्यावर त्या अर्धे इंग्रजी, अर्धे हिंदी बोलू लागल्या, आणि मला वाटले की कोणीतरी पहिल्यांदाच माझ्या अंगाबद्दल माझ्याशी बोलते आहे, माझ्या आईशी नाही.

एन्गॉर्जमेंट म्हणजे दूध, रक्त आणि पाणी सगळे एकदम छातीत दाटणे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडेफार बहुतेक बायकांना होते. तो रोग नाही. बाळ पीत राहिले की एक-दोन दिवसांत ओसरते. बाळाला लावलेच नाही, किंवा फार वेळाने लावले, तर छाती दगडासारखी होते. मग बाळाने धरायचे म्हटले तरी त्याला धरता येत नाही. तसेच राहिले तर ताप येतो, एखादा भाग लाल होतो, पिकतो. किंवा दूध निघत नाही हे पाहून शरीर दूध करणेच थांबवते.

“दोनों में से जो चाहो चुन लो,” त्या म्हणाल्या, “नहीं तो अभी पिलाओ.”

“अभी” हा शब्द ऐकून आई उठली. तिने मुलगी नर्सच्या हातात दिली आणि पदर सावरत मला मराठीत म्हणाली, “मी टांग्याने तुझ्या सासरी जाऊन विचारून येते. तासाभरात येते. इतकं थांबलीस, एक तास काय मोठा?”

“नको, आई.”

“अगं, उद्या म्हणतील, पॉइंट्समनच्या बायकोने आमची रीत मोडली. तुला नांदवलं नाही म्हणजे?”

तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. ती मूर्ख नव्हती. आमच्या क्वार्टरांच्या चाळीत एक मुलगी याहून लहान कारणासाठी परत आलेली होती, आणि ती भिंतीकडे तोंड करून कशी बसायची ते आम्ही दोघींनी पाहिले होते.

मला माझा आवाज ओळखू आला नाही. मी म्हटले, “नाही नांदवलं तर तुझ्याकडे येईन. पण मुलीला धष्टपुष्ट करून घेऊन येईन. सिस्टर, उसको दे दो मुझे.”

आई दारापर्यंत गेलेली परत आली. बसली नाही. उभी राहिली.

सिस्टर केरळकडची होती. तिचे हिंदी आमच्याहून वाईट, पण हात असा की तसा मी पुन्हा पाहिला नाही. तिने मुलीला लगेच लावले नाही. पुढचे मी मुद्दाम सावकाश लिहिते, कारण हेच कोणी मला बुधवारी सांगितले असते तर माझा शुक्रवार टळला असता.

तिने कोमट पाण्यात पंचा पिळून चार-पाच मिनिटे छातीवर ठेवला. त्याहून जास्त नाही. मग माझ्याच हाताची बोटे धरून दाखवले : अंगठा वरती, बोटे खालती, काळ्या वर्तुळाच्या थोडी बाहेर. आधी बरगड्यांकडे आत दाबायचे, मग दोन्हीकडून हलके जवळ आणायचे, मग सोडायचे. कातडीवर बोटे घासायची नाहीत, पिळायचे तर मुळीच नाही. दाब, सोड. दाब, सोड. पहिली काही मिनिटे काहीच आले नाही आणि मी रडत होते. “रोना नहीं, अम्मा. दूध अच्छी है. आएगी,” सिस्टर म्हणत होती.

मग एक थेंब आला. पिवळा, दाट, तुपासारखा. मग दुसरा. मग बारीक धार उडाली आणि सिस्टरच्या चष्म्यावर गेली.

वाटीत दोन-तीन चमचे जमले. आईने हात पुढे केला. “हे साचलेलं, खराब. टाकून येते. कुठे टाकू, कोणाच्या पायाखाली यायला नको.”

सिस्टरला मराठी येत नव्हते, पण हात पाहून ती समजली. तिने वाटी छातीशी धरली. “फेंकना? अय्यो! ये सोना है.” आणि चमच्याने थेंब थेंब करत तिने ते माझ्या मुलीच्या ओठांवर सोडले. मुलीने जीभ बाहेर काढली. चाटले. पुन्हा जीभ काढली. पाच दिवसांत तिने पहिल्यांदा कशाची तरी चव घेऊन मागणी केली.

काळे वर्तुळ मऊ झाल्यावरच तिला लावले. आधी ती घसरत होती, फुगलेल्या फुग्यावरून तोंड घसरावे तसे. सिस्टरने तिचे पोट माझ्या पोटाला चिकटवले, ओठांना स्पर्श करून तोंड मोठे उघडेपर्यंत थांबली आणि मग एकदम जवळ आणले, नुसते टोक नाही, वर्तुळाचाही बराचसा भाग आत. मुलीने धरले. मला इतके दुखले की पायाची बोटे वळली. मग दुखणे ओसरले. ती गिळत होती. गिळण्याचा आवाज येत होता, लहानसा, ‘क्क, क्क’. मी तो आवाज ऐकत राहिले. पलीकडच्या पलंगावरची मघाची हसलेली बाई आता हसत नव्हती. ती म्हणाली, “पी ले बेटा, किसी के बाप का नहीं है.”

आई अखेर स्टुलावर बसली. म्हणाली, “तूही अशीच आवाज करायचीस.”

तीन दिवस मी वॉर्डात राहिले. दर दोन तासांनी पाजायचे, रडायची वाट न पाहता. पाजण्याआधी कोमट फडके, पाजून झाल्यावर माठातल्या पाण्याचे गार फडके. मुलीचे पोट भरूनही छाती ताठ राहिली तर थोडे हाताने काढायचे, बरे वाटेल इतकेच. सगळे रिकामे करायला गेले तर शरीराला वाटते की आणखी हवे आहे. पट्टा नाही, घट्ट पोलके नाही. लाल डागासाठी पेनिसिलिनची इंजेक्शने. तहान लागेल तितके पाणी. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी मोजून देतात, तेही डॉक्टरीणबाईंनी मोडीत काढले. “गाय को प्यासा रखकर दूध माँगते हो?” त्या आईला म्हणाल्या. रविवारी ताप नव्हता. मुलीचे जुलाब थांबले होते. उजवीकडचा डाग पानाएवढा होता तो सुपारीएवढा झाला.

रविवारी दुपारी सासूबाई आल्या. बातमी शुक्रवारीच पोचली होती. माझ्या यजमानांनी सांगितली होती आणि त्याच पावली स्वतः तोंड चुकवून ऑफिसला गेले होते. त्यांच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. ते भले आहेत. त्या आठवड्यात ते फक्त भले होते.

सासूबाई पलंगापाशी उभ्या राहिल्या. नातीकडे पाहिले नाही.

“पाजलंस?”

“हो.”

“मालूला न विचारता.”

“हो.”

“कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.”

मी म्हटले, “नाही, सासूबाई. शिकवलं असतं तर पाच दिवस थांबले नसते.”

आईने कपाळावर हात मारला. सासूबाईंचा चेहरा लाल झाला, आणि त्या माझ्याकडून आईकडे वळल्या.

“विहीणबाई, तुम्ही तरी! एवढं अंगावर आलं होतं तर इथेच फ्रीगंजात आमची चुलतपुतणी होती की. तिला बोलवायचं. मान मालूचा, पण अडलं म्हणजे नात्यातली कोणीही चालते. आमच्या धाकट्या जावेची तर शेजारणीने धुतली होती!”

आई म्हणाली, “मला... मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

तो क्षण मी विसरणार नाही. पाच दिवस माझ्या अंगात निखारे होते, मुलीची टाळू बसत चालली होती, आणि रीत एवढी ढिली होती की शेजारणीनेही भागत होते! ज्यांची रीत होती त्यांना ती वाकवता येत होती. ज्यांना ती उसनी होती, त्या आम्हीच तिच्यापायी मरायला निघालो होतो. आई विचारायला घाबरली, कारण विचारले तर आम्ही हलके दिसलो असतो. सासूबाईंनी सांगितले नाही, कारण इतके कोणाला कळत नाही असे त्यांना वाटलेच नाही. आणि मधे मी, इंटर पास.

मला दोघींचाही राग आला. पण मी सासूबाईंना एवढेच म्हटले, “वन्संचा मान मी ठेवीन. त्या येतील तेव्हा येतील, मी धुवून घेईन. साडीही देईन. पण माझ्या मुलीची भूक कोणाच्या मानासाठी ठेवून देणार नाही. आज नाही, पुढच्या वेळीही नाही.”

त्या निघाल्या. दारात मात्र थांबून सिस्टरला विचारून गेल्या, “बच्ची का वज़न कितना है?”

मालूवन्सं बाराव्या दिवशी आल्या. रागातच होत्या. “चार दिवस थांबवत नव्हतं का माझ्यासाठी?” टांग्यातून उतरता उतरताच सुरुवात. मी म्हटले, “पाच थांबले, वन्सं.” त्यावर त्यांनी तांब्या घेतला, हळद-दूर्वा घातली आणि तोंड फुगवून माझ्यासमोर पाटावर बसल्या. कोमट पाणी अंगावर पडले मात्र, दूध आपोआप सुटले. धार त्यांच्या हातावर, बांगड्यांवर, नव्या इंदुरी पातळावर.

“अगोबाई! अगं, भिजवलंस की मला! थांबव की!”

“थांबत नाही, वन्सं.”

त्या हसू लागल्या. मीही. मग हातावरचे दूध न पुसता त्या म्हणाल्या, “माझं असं कधी आलंच नाही ग. माझ्या नणंदेला यायला सात दिवस लागले. तोवर आटलं. सगळे म्हणाले, हिच्या अंगावर दूधच नाही.” त्यांचा मुलगा डब्याच्या पावडरीवर वाढला हे मला माहीत होते. का, ते मला त्या दिवशी कळले. कदाचित त्यांनाही. त्यांनी साडी घेतली. मुलीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या.

माझी मुलगी आता दोन वर्षांची आहे. उजवीकडे मला कसलीही गाठ राहिली नाही. एन्गॉर्जमेंट हा शब्द मी नंतर कॉलेजच्या वाचनालयातल्या कोशात काढून पाहिला. भरून वाहू न शकणे, असा काहीसा अर्थ तिथे होता. त्या डॉक्टरीणबाईंची बदली झाली, सिस्टर कुठे गेली ठाऊक नाही. त्यांचे आभार मानायला माझ्याकडे पत्ता नाही, म्हणून हा लेख.

तुम्हाला माझे सांगणे थोडक्यात आहे. बाळ झाले की त्याला जवळ घ्या, त्याच तासात. पहिले पिवळे दूध त्याचे आहे. छाती ताठ झाली तर ती बांधू नका, मोकळी करा. ताप आला किंवा लाल डाग दिसला तर दवाखाना गाठा. आणि कोणी म्हणाले की अमुक आल्याशिवाय नको, तर त्यांना पाट द्या, चहा द्या, मान द्या. दूध देऊ नका. ते त्यांचे नाही.

यंदा बी.ए.ची परीक्षा चालू असताना आईचे कार्ड आले. वडील निवृत्त झाल्यावर आई-वडील माझ्या धाकट्या भावाकडे, वसंताकडे, नागद्याला राहतात. वसंताची बायको कमल हिला माहेर नाही, म्हणून तिचे बाळंतपण तिथेच व्हायचे होते. कार्ड आईने सांगितलेले, वसंताने लिहिलेले. त्यात होते : “कमलचे दिवस भरले आहेत. आता आपल्याकडेही मोठ्या घरची रीत पाळायची ठरवले आहे. तू बाळाची आत्या. तू येऊन धुतल्याशिवाय पाजू देणार नाही. तुझा मान आहे. पेपर संपले की ये.”

मी ते दोनदा वाचले. माझ्या आईने, जी दवाखान्याच्या दारातून परत आली होती, तिने! पेपर संपायला नऊ दिवस होते.

रागावून लांबलचक पत्र लिहायला बसले आणि फाडले. मग साधे कार्ड घेतले. लिफाफा मुद्दाम घेतला नाही. कार्ड वाटेत चार जण वाचतात. वाचू देत. मी लिहिले :

“ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार. बाळाची आत्या मी आहे, म्हणून हुकूम माझा. माझी वाट पाहू नये. बाळ झाले की पुसून लगेच कमलच्या अंगावर द्यावे. पिवळे दूध टाकू नये. पट्टा बांधू नये. माझा मान मला पोचला, साडी कमलने नेसावी.”

शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी वसंताचे उत्तर आले.

“ताई, मुलगा झाला. पाऊण तासात प्यायला. कमलला ताप नाही, गाठ नाही. सुईण म्हणत होती, आत्या येईपर्यंत मध चाटवा. आईने तुझे कार्ड मला तिच्यासमोर दोनदा मोठ्याने वाचायला लावले. मग तिला म्हणाली, आत्याचा हुकूम आहे बाई, आम्ही कसा मोडायचा?”